आपले अन्न आणि आपला शेतकरी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक अभ्यास

प्रास्ताविक

निवासी शाळेविषयी बोलताना वर्गखोल्या, ग्रंथालय, सकाळची वंदना आणि परीक्षांचे निकाल यांचा उल्लेख प्रथम होतो. स्वयंपाकघराचा उल्लेख सहसा आभारप्रदर्शनात एका वाक्यात आटोपला जातो. तथापि शाळेच्या खर्चाच्या वहीत अन्नधान्याचा रकाना लहान नसतो, आणि तो पैसा कोणाच्या हाती जातो हा प्रश्न आपल्या समाजाच्या हिताशी थेट निगडित आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा अभ्यास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी बरेच जण आज नोकरी-व्यवसायानिमित्त नागपूर, पुणे, मुंबई येथे स्थायिक आहेत. पालकांपैकी पुष्कळ जण आजही धान पिकवतात. म्हणजे एकाच परिवारात धान्य विकणारे आणि धान्य विकत घेणारे असे दोघेही आहेत. परंतु त्यांची गाठ पडत नाही. पालकाचे धान व्यापाऱ्याकडे जाते आणि माजी विद्यार्थी शहरातील दुकानातून पिशवीबंद तांदूळ घरी आणतो. या दोघांमधील अंतर वाढल्याने आजवर काय गमावले, आणि ते कमी झाल्यास कोणाचा कोणता लाभ होईल, हे पुढील विवेचनात पाहू.

१. आपल्या प्रदेशाचे अन्न

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून झाडीपट्टी होते. धान ही या पट्टीची ओळख आहे. बांध घालून पाणी अडविलेल्या शेताला आपण बांधी म्हणतो. पावसाच्या आरंभी पऱ्हे टाकावेत, पाणी साचले की चिखल करून रोवणी करावी आणि पिकाच्या मुदतीप्रमाणे दिवाळीच्या आगेमागे कापणी करावी, हा येथील क्रम. उंचावरच्या, पाणी लवकर निघून जाणाऱ्या बांधीत हलके धान घ्यावे आणि खोलगट, ओल धरणाऱ्या बांधीत भारी धान घ्यावे, हे येथील शेतकऱ्यास कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही. धान उभे असतानाच त्यात लाखोळी किंवा जवस फेकून बांधीतील उरलेल्या ओलीवर दुसरे पीक काढण्याची उतेऱ्याची पद्धतही अशाच अनुभवातून आलेली आहे. एका पाण्यावर भातही होतो, डाळही होते आणि तेलही होते.

या शेतीच्या पाठीशी तलाव उभे आहेत. गोंड राजांच्या काळापासून या प्रदेशात तलाव बांधले गेले, आणि त्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. म्हणून आजही त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांच्या पाण्यावर धान पिकते, त्यांत ढिवर बांधवांची मासेमारी चालते, शिंगाडा होतो. अनेक तलावांत गाळ साचला आहे. ज्या गावाची शेती आतबट्ट्याची ठरते, तेथे पाळ दुरुस्त करण्यास आणि पाट मोकळा करण्यास माणसे एकत्र येत नाहीत.

तिसरा आधार जंगलाचा. उन्हाळ्यात मोहफूल, चारोळी आणि टेंभरे. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, वास्ते आणि सात्या. याखेरीज मध आणि डिंक. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने टंचाईचे दिवस याच आधारावर काढले. शहरात राहणाऱ्या आपल्या मुलांना यांतील निम्मी नावेही ऐकून माहीत नसतात. ज्या अन्नाला गिऱ्हाईक राहत नाही, ते अन्न गोळा करण्याचे आणि ओळखण्याचे ज्ञानही दोन पिढ्यांत नाहीसे होते.

२. एका धानाचा इतिहास

बाजारात ‘एचएमटी’ नावाचा तांदूळ आपण सर्वांनी खाल्ला आहे. महाराष्ट्राबाहेरही त्यास मोठी मागणी आहे. हे धान कोठून आले, हे मात्र तो खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. त्यांचे शिक्षण इयत्ता तिसरीपर्यंत झालेले होते. १९८३ मध्ये त्यांनी आपल्या बांधीत ‘पटेल-३’ हे धान लावले होते. पीक निरखताना काही लोंब्या त्यांना इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी जपून ठेवले आणि पुढील हंगामात निराळे लावले. पुन्हा निरखणे, पुन्हा निवडणे, रानडुकरांपासून राखणे आणि पुन्हा लावणे, हे काम त्यांनी अनेक वर्षे केले.

या कामामागील शास्त्र समजून घेणे उपयुक्त आहे. धानाच्या फुलात बहुतांशी स्वपरागण होते. त्याच फुलातील परागाने दाणा धरतो. त्यामुळे एखादे वेगळे रोप निवडून त्याचे बी स्वतंत्र लावत गेले, तर काही पिढ्यांत त्याचे गुण स्थिर होतात. जगभरातील शेतकऱ्यांनी हजारो वर्षे याच रीतीने वाण घडविले. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. परंतु प्रत्येक रोपाकडे पाहणारी नजर, संयम आणि प्रामाणिक नोंद ठेवणारी स्मृती लागते. दादाजींपाशी ती होती.

या धानाचा दाणा बारीक होता आणि भात चांगला होत असे. १९९० च्या सुमारास ते शेजारच्या शेतकऱ्यांकडे व तेथून बाजारात गेले. बाजारात त्यास नाव नव्हते. त्या काळी एचएमटीचे मनगटी घड्याळ लोकप्रिय होते. व्यापाऱ्याने त्याचेच नाव धानाला दिले. पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हे बियाणे अभ्यासासाठी घेतले, आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाले. मूळ निवडीचे श्रेय कोणाचे, यावरून नंतर वाद झाला. शेतकऱ्याने घडविलेल्या वाणाची नोंद करून त्याचे हक्क मान्य करणारा कायदा आपल्या देशात २००१ मध्ये झाला. तोवर हे बियाणे दादाजींच्या बांधीतून फार दूर गेलेले होते.

त्यांचा गौरव झाला. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाने ग्रामीण भारतातील उल्लेखनीय उद्यमींच्या यादीत त्यांचे नाव घेतले. त्यांनी एचएमटीनंतरही ‘डीआरके’, ‘विजय नांदेड’, ‘नांदेड चिन्नोर’ असे अनेक वाण निवडले. परंतु त्यांची आर्थिक स्थिती फारशी पालटली नाही. अखेरच्या आजारपणात उपचारांसाठी त्यांना इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

३. अंतराची किंमत

हा इतिहास सांगताना कोणा एकास दोषी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. व्यापाऱ्याने धान रास्त दराने घेतले असेल, विद्यापीठाने वाणाचा प्रसार केला असेल, दुकानदाराने वजन बरोबर दिले असेल. तरीही ज्या धानावर इतक्या लोकांचा चरितार्थ चालला, ते घडविणाऱ्याच्या घरी त्याचा लहानसा वाटाही परत आला नाही. याचे कारण असे की खाणारा आणि पिकविणारा यांच्यामध्ये एवढे हात होते की दुसऱ्या टोकास कोण आहे हे खाणाऱ्यास कळण्याचा मार्गच उरला नव्हता. पिशवीवर घड्याळाचे नाव होते, माणसाचे नव्हते.

जवळच्या शेतकऱ्याकडून अन्न घेण्याचा मुख्य लाभ आम्ही येथे पाहतो. ताजेपणा, चव, वाहतुकीची बचत हे लाभ आहेतच. परंतु पिकविणारा माणूस खाणाऱ्यास माहीत असणे हा त्या सर्वांच्या मुळाशी असलेला लाभ होय. माहीत असलेल्या माणसाच्या कामाचे मोल नाकारणे कठीण जाते. त्याच्या बांधीत यंदा तुडतुडा पडला, त्याच्या तलावाची पाळ फुटली, त्याने नवे वाण लावून पाहिले, ही वार्ता आपल्यापर्यंत येते आणि आपण तिच्यात सहभागी होतो.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्त आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. शेत नांगरणारा ब्राह्मण भिक्षेस आलेल्या तथागतांना विचारतो की, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. आपण काय करता? तथागतांनी त्यास आपल्या साधनेच्या शेतीचे उत्तर दिले. आपल्यापैकी जे आज नांगर धरत नाहीत, त्यांना हा प्रश्न बांधीवरचा शेतकरी आजही विचारू शकतो. शिक्षणाने आपल्याला चिखलातून बाहेर काढले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु जो अजून चिखलात उभा राहून आपल्यासाठी रोवणी करतो, त्याच्या श्रमाचे मोल आपण कसे चुकवतो, याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

४. जवळच्या खरेदीचे लाभ

पहिला लाभ पैशाचा. गावातील शेतकऱ्याच्या हाती आलेला पैसा गावातच फिरतो. तो रोवणीच्या मजुरीला जातो, गिरणीवाल्याला जातो, सुताराला, किराणा दुकानाला आणि मुलांच्या शिक्षणाला जातो. धान गावाच्याच गिरणीत कांडले गेले तर कोंडा आणि कनकीही गावात राहते; ती जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या उपयोगी पडते. तेच धान गाडीत भरून बाहेर गेले की कोंड्यासकट सर्व बाहेर जाते.

दुसरा लाभ आरोग्याचा. तांदूळ जितका अधिक घासून पांढरा करावा, तितका त्याच्या दाण्यावरील कोंड्याचा थर निघून जातो, आणि त्याबरोबर ‘बी-१’ जीवनसत्त्व, तंतुमय भाग व स्निग्धांश जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियात पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या लोकांत बेरीबेरी हा रोग मोठ्या प्रमाणात आढळला. त्याचा शोध घेतानाच जीवनसत्त्वांच्या विज्ञानाचा पाया घातला गेला. दूरच्या बाजारासाठी तांदूळ शुभ्र आणि चकचकीत असावा लागतो, कारण अनोळखी गिऱ्हाईक डोळ्यांनीच पारख करते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून धान घेणारा गिरणीवाल्यास ‘कमी घासा’ असे सांगू शकतो. पालेभाज्यांच्या बाबतीत तर काढणी आणि जेवण यांमधील तास जितके कमी, तितके सत्त्व अधिक टिकते.

तिसरा लाभ बियाण्यांचा. मोठ्या बाजाराला एकसारखा माल लागतो. त्यामुळे दोन-चार वाण सर्वत्र लावले जातात आणि बाकीचे मागे पडतात. खोलगट बांधीचे भारी धान, कमी पावसात तगणारे हलके धान, सुवासाचे धान यांना गिऱ्हाईक असेल तरच शेतकरी त्यांचे बी राखील. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, वाटण्याचा आणि नाममुद्रेविना विकण्याचाही हक्क दिला आहे. परंतु कोणी खाणारेच नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो. एखादा तिसरी शिकलेला शेतकरी आजही कोठल्यातरी बांधीत वेगळी लोंबी निरखत असेल. त्याचे धान विकले जाईल ही खात्री त्याला मिळाली तर त्याचे काम पुढे जाईल.

चौथा लाभ गावाच्या सामायिक संपत्तीचा. धानाला बरा दर मिळाला की तलावाची काळजी घेण्यास कारण उरते. मोहफूल, चारोळी आणि मध यांना बरा दर मिळाला की जंगल राखण्यास कारण उरते.

५. भावाचे गणित

जवळून खरेदी म्हणजे स्वस्त खरेदी असा समज असतो. तो तपासून पाहू. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानापासून ६७ किलो तांदूळ मिळावा असे प्रमाण धरले जाते, आणि त्यातही काही तुकडा असतोच. म्हणजे केवळ धानाची किंमत तांदळाच्या एका किलोस सुमारे ३४ रुपये पडते. यात भरडाई, बारदाना आणि वाहतूक मिळवावी लागते. कोंडा व कनकीचे पैसे वजा करावे लागतात. बारीक धानाचा दर आणखी वर असतो, आणि अखंड दाणाच हवा असल्यास ६७ किलोही भरत नाहीत.

हे गणित प्रत्येक वाचकाने आपल्या घरच्या तांदळाच्या पिशवीवरील किमतीशी ताडून पाहावे. पिशवीची किंमत बरीच अधिक असेल, तर मधला फरक शेतकरी आणि ग्राहक दोघांनी वाटून घेता येईल. पिशवीची किंमत जवळपास तेवढीच असेल, तर थेट खरेदीत बचतीची अपेक्षा ठेवू नये. शेतकऱ्याने ओळखीखातर आपल्याला बाजारापेक्षा कमी दराने द्यावे, ही अपेक्षा तर सर्वथा अनुचित होय. नात्यातल्या माणसाकडून फुकट किंवा उधारीत धान्य नेण्याची प्रथा आपल्याकडे आहे. तिला स्थानिक खरेदी म्हणता येत नाही.

६. पंगतीचे सामर्थ्य

एका कुटुंबाच्या खरेदीने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून निवासी संस्थेचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका वसतिगृहात २०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकास दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ लागतो. रोज ८० किलो, आणि वर्षातील ३०० दिवस धरले तर २४,००० किलो तांदूळ झाला. त्यासाठी सुमारे ३६० क्विंटल धान लागेल. एकरी १२ क्विंटल उत्पन्न धरले तर हे ३० एकरांचे पीक होते. दादाजींसारखी दीड एकराची २० कुटुंबे केवळ एका वसतिगृहाच्या पंगतीवर आपले धान निश्चिंतपणे पिकवू शकतील. डाळ, भाजी, जवसाचे तेल, मासे आणि अंडी यांचा हिशेब याहून वेगळा आहे.

हा विचार जगात नवा नाही. ब्राझील देशाने २००९ मध्ये कायदा करून शाळेतील मुलांच्या भोजनासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदी करण्यावर खर्चावी असे ठरविले. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणींच्या गटांनी शेतकऱ्यांशी थेट करार करण्याची ‘तेइकेई’ नावाची पद्धत रूढ केली. तेइकेई म्हणजे भागीदारी. त्यात ग्राहक हंगामाचे पीक आधीच बोलून ठेवतात, शेतकऱ्यास परवडेल असा दर दोघे मिळून ठरवतात, आणि पीक कमी आले तर त्याची झळही वाटून घेतात. या दोन्ही उदाहरणांत शेतकऱ्यास आधीपासून ठाऊक असलेले गिऱ्हाईक मिळाले, आणि पेरणीपूर्वीच मिळाले. धान पिकविणाऱ्यास हीच खात्री सर्वांत अधिक हवी असते.

७. काही शंका

लहान शेतकरी एवढा माल कसा पुरवील? एकट्याने पुरवणे कठीण आहे; गावाने मिळून पुरवावा. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने याचा पाठ घालून दिला आहे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावास १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकण्यास प्रारंभ केला. जो व्यवहार बाहेरचेच करू शकतात असे मानले जात होते, तो सर्वसंमतीने निर्णय घेणाऱ्या छोट्या गावाने करून दाखविला. बांबूचे जे झाले ते धानाचे, मोहफुलाचे आणि मधाचेही होऊ शकते.

लहान शेती मुळातच परवडत नाही, मग तिला आधार का द्यावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यात या प्रश्नाचा मूलगामी विचार आहे. शेत किती एकरांचे आहे यावरून ते फायद्याचे की तोट्याचे हे ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परप्रमाण ते ठरवते, आणि शेतीवरील अतिरिक्त भार उद्योगांकडे वळला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या मुलांनी शिकून अन्य व्यवसायांत जावे, हे त्या विचाराला धरूनच आहे. जे शेतीत राहतील त्यांच्यापाशी भांडवल यावे, यासाठी बाहेर पडलेल्यांची आगाऊ आणि रोख खरेदी हे एक साधन ठरू शकते.

जवळचे अन्न विषमुक्त असते का? असेलच असे नाही. आपल्या परिसरातही धानावर आणि भाज्यांवर औषधे फवारली जातात. लाभ इतकाच की जवळच्या शेतकऱ्यास विचारता येते, त्याचे शेत पाहता येते आणि कमी फवारणीच्या मालास अधिक दर देण्याचे ठरविता येते. तसेच, जवळचे सर्व अन्न पर्यावरणास आपोआप हितकर असते, असेही म्हणता येत नाही. अन्नामुळे होणाऱ्या प्रदूषणात वाहतुकीचा वाटा बहुधा लहान असतो. पिकविण्याच्या पद्धतीचा मोठा असतो. आपण आपल्या भूमिकेचे लाभ सांगावेत, पण फुगवून सांगू नयेत.

सर्वच वस्तू येथे मिळतील का? नाही. मीठ, गूळ, कांदा, चहा बाहेरूनच येणार. जे येथे उत्तम पिकते ते येथून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

८. व्यवहारात काय करावे

वर्षाचे धान कापणीच्या वेळीच बोलून ठेवावे. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यास आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनासाठी एकत्र येतो. त्या सुमारास हलके धान कापणीस येत असते आणि मध्यम व भारी धानाचा अंदाज आलेला असतो. बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याच भेटीत आपल्या गावच्या शेतकऱ्याशी बोलणी करावीत. पाच माणसांच्या घरास महिन्याला २५ किलो तांदूळ धरला तर वर्षास ३०० किलो, म्हणजे साडेचार क्विंटल धान लागते. एका शहरातील दहा कुटुंबे एकत्र आल्यास ४५ क्विंटल, म्हणजे सुमारे पावणेचार एकरांचे पीक होते. वाहतूकही मग एकत्र करता येते.

शक्य तेथे तांदळाऐवजी धान साठवावे. टरफलासह दाणा अधिक टिकतो, आणि जुन्या धानाचा भात मोकळा होतो. आपल्या घरांत बांबूची ढोली याचसाठी असे. धान भरण्यापूर्वी पुरते वाळलेले असावे. दाताखाली दाबला असता दाणा टचकन तुटला पाहिजे. लागेल तसे दर महिन्याला गिरणीतून काढून आणावे.

दर, वजन आणि पैसे देण्याची तारीख कागदावर लिहावी. ओळखीच्या व्यवहारात संकोचामुळे हे राहून जाते आणि नंतर मने दुखावतात. काट्यावर वजन दोघांसमोर व्हावे. निम्मी रक्कम रोवणीच्या वेळी देता आली तर शेतकऱ्यास व्याजाने पैसे काढावे लागणार नाहीत.

निवासी संस्थांनी आरंभ लहान ठेवावा. पहिल्या वर्षी तांदळाच्या गरजेचा दहावा भाग आणि आठवड्यातून दोन दिवसांची भाजी जवळच्या गावांतून घ्यावी. हिशेब फलकावर लावावा. त्या शेतकऱ्यांना वर्षातून एकदा मुलांसोबत पंगतीस बोलवावे आणि त्यांच्या बांधीवर मुलांना रोवणीच्या दिवशी न्यावे. कोणत्या गावच्या कोणत्या माणसाचे धान आपण खातो, हे प्रत्येक मुलास नावानिशी सांगता आले पाहिजे.

समारोप

शाळेच्या आजवरच्या वाटचालीत समाजाने मूठमूठ धान्य दिले, पदरमोड केली आणि मुलांना जेवू घातले, हे ऋण आम्ही जाणतो. आता त्याच समाजातील शेतकऱ्यास आपण दानाऐवजी खात्रीचे गिऱ्हाईक देऊ शकतो, आणि दीड एकराच्या घरास त्याची गरज अधिक आहे. दादाजी खोब्रागडे यांच्या हयातीत त्यांच्या धानाचे मोल त्यांच्या घरी परत पाठविण्याचा मार्ग आपल्यापाशी नव्हता. पुढील दादाजी कोठल्या गावात आहेत हे आपणांस माहीत नाही. परंतु ज्या गावांतून आपली मुले शिकायला येतात त्यांपैकीच एखाद्या गावात ते असण्याचा संभव आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरी आज शिजलेला तांदूळ कोणत्या गावचा आहे? तो ज्याने पिकविला त्याचे नाव शोधून काढता येईल का? येत नसेल तर साखळी कोठे तुटते?

२. आपल्या गावात वीस वर्षांपूर्वी कोणते धान लावले जात? त्यांपैकी कोणत्याचे बी आज कोणाच्या ढोलीत शिल्लक आहे?

३. आपल्या गावचा तलाव कोणत्या स्थितीत आहे? त्याच्या पाण्यावर किती एकर धान होते?

४. आपल्या कुटुंबाचे वर्षाचे धान किती क्विंटल होते, आणि त्यासाठी किती बांधी लागते, याचा हिशेब मुलांकडून करून घ्या.

५. येत्या हंगामात आपण कोणाकडून, किती आणि कोणत्या दराने घेणार आहोत?